हेर अहोंचा संघ

हायडेलबर्गच्या विद्यापीठाने जगाला किती विद्वान दिले याची मोजदाद करणारे करोत. पण उभ्या आयुष्यात एकदाही चेंडू जाळीतून पार न करता बास्केटबॉलचा संघ चालवणारा माणूस त्या गावाने एकच पाहिला, आणि तो पुण्याचा होता. ते माझ्या वहिनींचे काका. वहिनी लग्नानंतर पुणं सोडून आमच्या गावी आलेल्या, आणि मी संशोधनासाठी हायडेलबर्गला निघालो तेव्हा काकांचा पत्ता त्यांनीच दिला. मी स्वतः काही उंचापुरा नव्हे, तरी काका माझ्या खांद्याला लागत. डोक्यावर करड्या लोकरीची टोपी, गळ्यात काकूंनी विणलेला मफलर आणि ओव्हरकोटाच्या दोन्ही खिशांत हात, अशा थाटात ते सहा-सहा फुटी जर्मन पोरांच्या घोळक्यात उभे राहिले की लांबून पाहणाऱ्याला वाटे, पोरांनी कोणाचा तरी कोट मध्ये ठेवलाय. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, तुम्ही कधीच खेळला नाहीत, मग शिकवता कसं?" काका म्हणाले, "खेळता येणाऱ्याला वाटतं, सोपं आहे. म्हणून त्याला शिकवता येत नाही. मला प्रत्येक गोष्ट अवघड वाटते, त्यामुळे मी नीट समजावतो."

ते जर्मनीत आले होते शिकायला, युद्धाच्या आधी. पुस्तकं संपायच्या आत युद्ध सुरू झालं आणि परतीची वाट बंद झाली. ती वर्षं त्यांनी कशी काढली हे ते कधी सांगत नसत. युद्ध संपल्यावर अमेरिकन छावणीत दुभाषा म्हणून लागले, आणि तिथल्या एका सार्जंटने दुपारच्या रिकाम्या वेळात त्यांना या खेळाचे नियम शिकवले आणि मायदेशी जाताना एक झिजलेला चेंडू दिला. पुढे ते विद्यापीठात भारतीय भाषा शिकवू लागले. विद्यार्थी इतके कमी, की एकाला सर्दी झाली की वर्ग बंद. अशा वेळी काही पोरांनी बास्केटबॉलचा संघ काढायचं ठरवलं, आणि चौकशी करता असं निघालं की साऱ्या विद्यापीठात स्वतःचा चेंडू असलेला माणूस म्हणजे काका. त्यांची नेमणूक झाली ती अशी.

सगळं गाव त्यांना 'हेर अहो' म्हणे; जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत. त्याचं कारण काकू. काकू जर्मन, हायडेलबर्गच्याच. लग्न ठरल्यावर त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे बायको नवऱ्याला काय म्हणते? काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "अहो." तेव्हापासून काकू त्यांना खिडकीतून, बाजारातून, पुलाच्या पलीकडून त्याच नावाने हाक मारत. पाववाल्याने ऐकलं, पोस्टमनने ऐकलं आणि संघातल्या पोरांनीही ऐकलं. माझ्या कानावर पहिल्यांदा "गुटेन मॉर्गन, हेर अहो" पडलं ते कप्तान डीटरच्या तोंडून. डीटर वैद्यकीचा विद्यार्थी, दारातून आत येताना सवयीने वाकणारा. मला हसू आवरेना. काका गंभीरपणे म्हणाले, "हसू नकोस. इतक्या आदराने मला पुण्यात कोणी हाक मारली नव्हती."

काकू मराठी शिकल्या होत्या ती काकांकडूनच. पण लिंगाच्या भानगडीला कंटाळून त्यांनी सगळं जग नपुंसकलिंगी करून टाकलं होतं. "अहो आलं का? डीटर जेवलं का?" असं त्या विचारत. सामन्याच्या दिवशी दुपारी सगळा संघ त्यांच्या स्वयंपाकघरात जेवायचा, आणि जेवण ठरलेलं: पिठलं. बेसन मिळत नसे म्हणून वाटाण्याच्या पिठाचं, हिरवट रंगाचं. वहिनींनी माझ्या ट्रंकेत काकांसाठी घातलेला गोडा मसाला मी पहिल्या भेटीत त्यांच्या हवाली केला, तर त्यांनी तो हुंगला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "रविवारी न्युरेम्बर्गवाले येणार आहेत. त्या दिवशी वापरू." त्या रविवारी आम्ही सपाटून हरलो. काकांनी मसाल्याला दोष दिला नाही.

त्यांचा खरा शोध म्हणजे मैदानावरची मराठी. जर्मनमध्ये ओरडलं की समोरच्यालाही कळतं, म्हणून काकांनी सूचना मराठीत ठेवल्या होत्या. कल्पना उत्तम होती, पण दोन्ही भाषांनी मिळून आमच्यावर डाव उलटवला. 'घे' म्हटलं की आमचाच गडी पाठ फिरवून निघून जाई, कारण जर्मनमध्ये 'गे' म्हणजे 'जा'. आणि डीटर पूर्ण ताकदीने "टाक" ओरडला की समोरचे चमकून बघत, कारण जर्मनमध्ये 'टाग' म्हणजे नमस्कार. एकदा तर प्रतिपक्षाच्या एका सभ्य मुलाने धावता धावता मान झुकवून उलट नमस्कार केला. काकांनी 'घे' बदलून 'धर' केलं. 'टाक' मात्र तसंच ठेवलं. म्हणाले, "समोरचा नमस्कार करत उभा राहत असेल तर आपलं काय बिघडतं?" आणि उच्चार सुधारायला माझी नेमणूक केली. आठवड्यातून दोनदा मी टुर्नहालेत, म्हणजे कसरतीच्या त्या थंडगार हॉलमध्ये, भिंतीशी रांगेने उभ्या केलेल्या जर्मनांकडून 'मागे', 'थांब', 'डावीकडे' घोकून घेई. 'डावीकडे'मधला 'ड' शेवटपर्यंत कोणालाही जमला नाही.

एवढं करूनही त्या हिवाळ्यात आम्ही हरतच होतो. नाताळपर्यंत गटात आमच्या खाली एकच संघ उरला होता, आणि त्याचे निम्मे खेळाडू आजारी होते. बटाटे सोलता सोलता काकूंनी मला हळूच सांगितलं, "विद्यापीठातलं माणूस आलं होतं. म्हणालं, यंदा शेवटच्या फेरीत गेलं नाही, तर पुढच्या वर्षी डिप्लोमावालं शिक्षक आणणार." मी विचारलं, "काका काय म्हणाले?" काकू म्हणाल्या, "अहो म्हणालं, गेनाऊ, बरोबर आहे. मग रात्रभर झोपलं नाही."

जानेवारीत मला घरून तार आली. वडील गेले होते. तार हातात पडली तेव्हा तिकडे सगळं उरकलेलं होतं. बोटीने जायचं तर आठवडे लागणार, विमानाचा विचारही परवडण्यासारखा नव्हता. मी खोलीत बसून राहिलो. प्रयोगशाळेत गेलो नाही, जेवायला गेलो नाही, घरी काय लिहावं तेही सुचेना. एका दुपारी दारावर थाप पडली. काका होते. ते आत आले, पण बसले नाहीत. "बूट घाल," एवढंच म्हणाले.

त्यांनी मला टुर्नहालेत नेलं आणि जाळीखाली उभं केलं. डीटर रेषेवरून एकट्याने जाळीत नेम धरत फ्री थ्रो मारत होता. चेंडू खाली आला की मी उचलायचा आणि त्याच्याकडे परत टाकायचा. बस. चेंडू येत होता, मी टाकत होतो. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मला घाम आलाय आणि भूक लागलीय. परतताना नेकर नदीच्या काठाने चालता चालता काका म्हणाले, "माझी आई गेली ते मला युद्ध संपल्यावर कळलं. तोवर मी मनातल्या मनात तिच्याशी रोज भांडत होतो, पत्र का पाठवत नाहीस म्हणून." थोडं चालून पुढे म्हणाले, "तुला निदान भांडावं तरी लागलं नाही." आणि लगेच, त्याच आवाजात, आमचा बचाव डाव्या बाजूने कसा उघडा पडतो ते समजावू लागले. घराशी आल्यावर म्हणाले, "उद्याही ये. हाताला काम असलेलं बरं."

मी रोज जाऊ लागलो. वडील गेल्याच्या तेराव्या दिवशी काकूंनी विचारलं, "बाबांना काय आवडत होतं?" मी म्हटलं, साबुदाण्याची खिचडी. संध्याकाळी पाहतो तर पुडिंगसाठी मिळणारा साबुदाणा भिजवून त्यांनी खिचडी केली होती, शेंगदाण्यांऐवजी हेझलनट कुटून घातले होते, आणि सगळा संघ अंग चोरून टेबलाभोवती बसला होता. खिचडीचा गोळा झाला होता. डीटरने शेजाऱ्याला कोपरखळी दिली, तशी सगळ्यांनी ती मुकाट्याने संपवली. मी त्या टेबलावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पोटभर रडलो. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. एकाने नुसतं पाण्याचं भांडं पुढे सरकवलं.

त्यानंतर काय झालं ते मला आजही नीट उलगडत नाही. रोजच्या सरावाने असेल, डीटरचा नेम बसल्याने असेल, पण आम्ही जिंकू लागलो. आधी एक सामना जेमतेम, मग दुसरा, मग तिसरा. मार्च उजाडेपर्यंत अशी वेळ आली की न्युरेम्बर्गला जाऊन गटातला शेवटचा सामना जिंकला तर आम्ही शेवटच्या फेरीत. आगगाडीत काकूंनी दिलेल्या डब्यातलं पिठलं काकांनी सगळ्यांना वाढलं, स्वतःचा वाटा मात्र डब्यातच ठेवला.

न्युरेम्बर्गवाल्यांनी मात्र आमची तयारी केली होती. पहिल्या दहा मिनिटांतच दिसलं की डीटर 'मागे' म्हणाला की त्यांचा गडी आधीच मागे हजर. त्यांच्या बाकावर तपकिरी कोट घातलेला एक सावळा गृहस्थ बसला होता आणि आमची प्रत्येक हाक ऐकून शेजाऱ्याच्या कानात पुटपुटत होता. मध्यंतराला आम्ही चांगलेच मागे होतो. काका उठले आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता भांडण होणार.

"आपण कुठले?" काकांनी विचारलं.

तो गृहस्थ गडबडून उभा राहिला. "वर्ध्याचा. इथे कारखान्यात इंजिनिअर आहे. अहो, माफ करा, यांनी मला चहाला म्हणून बोलावलं आणि इथे बसवलं."

"माफ कसलं करायचं? जेवलात का? आमच्याकडे पिठलं आहे."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. किती दिवसांनी कोणी त्याला मराठीत जेवलात का विचारत होतं कोण जाणे. डबा त्याच्या हातात देऊन काका परत आले आणि संघाला म्हणाले, "आल्झो, तर मग आता जर्मन बोला." डीटर म्हणाला, "पण हेर अहो, जर्मन त्यांना कळतं." "कळू दे. ते मराठीची वाट बघत बसतील."

आणि तसंच झालं. आमची पोरं चक्क जर्मनमध्ये ओरडत होती, समोरचे मात्र प्रत्येक हाकेला वळून बाकाकडे पाहत होते, आणि बाकावरचा वर्धेकर मान खाली घालून पिठलं खात होता. ते भानावर येईपर्यंत आम्ही बरोबरीला आलो होतो. शेवटच्या क्षणी डीटरला फ्री थ्रो मिळाला. आपल्या गड्याने फ्री थ्रो मारायला घेतला की काका नेहमी पाठ फिरवत, त्यांना ते बघवत नसे. तेव्हाही ते भिंतीवरच्या कोटांकडे तोंड करून उभे राहिले. हॉलमध्ये गलका झाला. तरी ते वळेनात. "गेला का रे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गेला, काका." "कुठे?" "जाळीत." मग ते वळले, टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचल्यासारखी हातात फिरवत राहिले.

शेवटच्या फेरीत आम्ही पहिलाच सामना हरलो, आणि त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही. डिप्लोमावाल्या शिक्षकाचा विषय मागे पडला. पुढे डीटर डॉक्टर होऊन त्याच गावात राहिला, तेव्हा काकांनी आपणहून शिट्टी त्याच्या हातात दिली. तोवर माझा प्रबंध पुरा झाला होता. तो पुरा झाला तो त्या हिवाळ्यात मला कोणी तरी बूट घालायला लावले म्हणून, हे मी प्रस्तावनेत लिहू शकलो नाही. प्राध्यापकांना ते विचित्र वाटलं असतं.

मी निघालो त्या दिवशी काका-काकू स्टेशनवर आले होते. काकूंनी माझा मफलर नीट केला आणि त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मी खिडकीतून वाकून विचारलं, "काका, पुण्याला काही निरोप?" गाडी हलली तसे ते बरोबरीने चालू लागले. "सांग, आमचं बरं चाललंय म्हणून."

"कोणाला सांगू?" मी विचारलं, आणि विचारल्यावर मला कळलं की त्यांना ओळखणारं पुण्यात आता कोणीच उरलेलं नाही.

काकांनाही ते तेव्हाच कळलं असावं. ते थांबले. मग हात वर करून, गाडीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "कोणीही भेटलं की सांग."

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. काका गेले, काकूही गेल्या. मी अजून, कोणी निवांत भेटलं की, सांगत असतो.