रेणापूरच्या बांधावरचा तरवड

माझ्या बायकोनं, सुनंदानं, कुंपणाशी लावलेल्या तीन तरवडांपैकी दोन दिवाळीआधीच वाळले. तिसऱ्याची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मी पिशवी भरली. बी तिनं माहेरहून, रेणापूरजवळच्या वाडीतून आणलं होतं. गेल्या माघात ती गेली. तिच्या हातचं हे एकच झाड उरलंय, तेही हातचं जायला नको, म्हणून तिच्या वहिनींनाच विचारावं म्हटलं.

नांदेडहून लातूरची एसटी सकाळचीच धरा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत चारेक तास जातात. पासष्टी ओलांडली असेल तर अर्धं तिकीट. वाहकानं विचारलं, तर मी सवयीनं "दोन" म्हणालो, मग दुरुस्त केलं. अहमदपूरला भजी गरम मिळाली, पण एकट्याला प्लेट संपत नाही.

लातूरहून रेणापूर जवळच, पुढे वाडीपर्यंत जीप. वहिनी बांधावरच भेटल्या. सत्तरीची बाई, पदर खोचून शेंगा तोडत होती. बांधभर तरवड पिवळाधमक, मधे निर्गुडी, कोरांटी, आणि शेजारी तूर फुलात. मधमाश्या आणि भुंगे नुसते घुमत होते.

"एवढं कशाला ठेवलंय?" मी विचारलं.

"माशी टिकती. तूर सरल्यावर तिनं काय खावं?"

मी मोबाइलवर झाडाचा फोटो दाखवला.

"दाजी, पानी किती घालता?"

"सकाळी एक बादली, संध्याकाळी एक. एक दिवस चुकवला नाही."

"मग तुम्हीच मारलं की. पहिला उन्हाळा तांब्या-तांब्यानं जगवायचं, मंग सोडून द्यायचं. तुमची काळी माती पानी धरून बसती, मुळी सडती."

जन्म मराठवाड्यात काढला, तीस वर्षं शाळेत पोरांना पाणी जपायला शिकवलं, आणि झाड मारलं ते पाणी घालून. लाज वाटली. खरं सांगायचं तर बादली झाडासाठी नव्हतीच. पाणी घालताना मी सुनंदाशी बोलायचो. घरात दुसरं आहे कोण? वहिनींना तसं सांगून टाकलं.

"बोला की. त्याला बादली कशाला लागती?"

रोप त्यांनी दिलं नाही, उपटून नेलेलं जगत नाही म्हणाल्या. वाळल्या शेंगा दिल्या, पावसाळ्याच्या तोंडाला पेरायला. रात्री येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी जेवलो. सकाळी परत निघालो.

घरी येऊन बुंध्याभोवतीची माती उकरली, मुरूम भरला. त्याला महिना झाला. पाणी बंद केल्यावर सकाळ फार लांबते. रिकाम्या हातानं झाडापाशी उभं राहिलं की बोलायला सुचत नाही.

परवा नवी पानं दिसली. काल फूल आलं, एकच, आणि त्यावर काळा भुंगा बसला. "अगं, आला बघ," म्हणत मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. आत कुणी नव्हतं.