फिकट पान
वकिलांचे मुन्शी, म्हणजे कारकून, दिल्लीत ढिगाने सापडतील, पण सर्वोच्च न्यायालयाच्या फाइलिंग खिडकीवर नौटियाल मुन्शींचा मान वेगळाच होता. एकतीस वर्षांत त्यांची एकही फाइल आक्षेप लागून परत आली नव्हती. समास कमी, पान अस्पष्ट, सही राहिली, तारीख राहिली, असल्या कारणांनी इतरांच्या फाइली हेलपाटे घालत. नौटियालांची सरळ आत जाई. त्याचा त्यांना भारी तोरा होता, आणि त्या तोऱ्यानेच घात केला. तोही दुसऱ्याचा.

बिंद्रा देवी डोंगरातल्या चंब्याकडची. तिचा नवरा मेहरचंद एका खासगी कंपनीची बस चालवायचा. बस दरीकडे घसरली, एक प्रवासी गेला, आणि कंपनीने मेहरचंदला निष्काळजी ठरवून काढून टाकलं. तो डाग घेऊनच तो वारला. त्याच्यामागे बिंद्रा देवी लढली. हायकोर्टाने डाग पुसला, तर कंपनी वर सर्वोच्च न्यायालयात आली. त्याच सुमारास नवऱ्याच्या जुन्या वर्दीच्या खिशात बिंद्रा देवीला एक कार्बन प्रत सापडली. तिने ती पोस्टाने आपल्या दिल्लीच्या वकिलांकडे, म्हणजे नौटियालांच्या साहेबांकडे धाडली. मुन्शींनी पान पाहिलं. फिकट, निळसर. लावलं तर आक्षेप ठरलेला.

"वाचता येत नाही, साहेब," असं वकिलांना सांगून त्यांनी ते कपाटात टाकलं.

निकाल कंपनीच्या बाजूने लागला. बिंद्रा देवीचा फोन आला. "मुन्शीजी, निकालात त्या कागदाचं नावसुद्धा नाही हो. जजसाहेबांनी वाचला नाही का?"

"फेरविचाराचा अर्ज करू, बहनजी. तीस दिवस आहेत," मुन्शी कसेबसे म्हणाले.

मग स्वच्छ टाइप करण्यासाठी त्यांनी ते पान काढलं आणि खिडकीशी उन्हात तिरकं धरलं. अक्षर न् अक्षर दिसलं. 'ब्रेक पकडत नाही. तिसऱ्यांदा लिहून देत आहे. गाडी बाहेर काढू नये.' खाली मेहरचंदची सही आणि मॅनेजरची पोच. टाइप करायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

फेरविचारात न्यायालय खटला नव्याने चालवत नाही. निकालात उघड दिसणारी चूक हवी, नाहीतर खटपट करूनही आधी हाती न आलेला पुरावा. हा कागद तर हातीच होता. न्यायमूर्तींपुढे जो गेलाच नाही, तो त्यांनी वाचायचा कसा? मुन्शींनी वकिलांपाशी सगळं कबूल केलं.

"अर्ज करू," वकील म्हणाले. "पण चूक निकालात नाही, नौटियाल. तुमच्या कपाटात आहे."

येऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी अर्ज न्यायमूर्तींपुढे जायचा होता त्या दिवशी बिंद्रा देवी आली. अंगावर नवी शाल, हातात अक्रोडांची पिशवी.

"मला कधी बोलावतील?"

"कोणालाच बोलावत नाहीत. न्यायमूर्ती दालनात बसून फाइल वाचतात."

"मग कोपऱ्यात उभी राहते की. तोंडातून शब्द काढणार नाही."

मुन्शींनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. संध्याकाळी कळलं, अर्ज फेटाळला.

"आता याच्या वर कोण?"

"कोणी नाही. एक शेवटचा अर्ज असतो, पण तो असल्या चुकीसाठी नाही." आणि मग मुन्शींनी कपाटातल्या पानाची सगळी हकीकत सांगून टाकली.

"वकिलांना तर तुम्ही म्हणालात, वाचता येत नाही."

"उन्हात धरलं असतं तर येत होतं. मी धरलंच नाही."

"तुम्ही आता वाचलंत ना? माझ्या माणसाची चूक आहे त्यात?"

"नाही."

"मग तेवढं लिहून द्या. जजसाहेबांना देता आलं नाही, तुम्ही द्या. घरी लावीन."

जन्मभर दुसऱ्यांच्या नावाने कागद केलेल्या त्या माणसाने स्वच्छ अक्षरात, ऐसपैस समास सोडून लिहिलं: 'मेहरचंद ड्रायव्हर निष्काळजी नव्हता. त्याचा कागद मी दाबून ठेवला. निष्काळजी मी.' खाली सही केली.

बिंद्रा देवीने शब्दाशब्दावर बोट ठेवत ते वाचलं आणि कागद परत केला.

"तारीख राहिली, मुन्शीजी."

मुन्शींनी खाली मान घालून तारीख घातली.