बोट ठेवून वाचलेली पुस्तकं

डॉक्टरांनी इंग्रजी पेपर माझ्यापुढे धरला आणि वरचा मोठा मथळा वाचायला सांगितला. एकेक अक्षर मला ओळखू येत होतं, पण सगळ्यांचा मिळून शब्द काही होत नव्हता. पुन्हा प्रयत्न केला. मग मी पेपर मांडीवर ठेवून दिला.

"अलेक्सिया," डॉक्टर म्हणाले. डोळे चांगले असूनही वाचता न येणे. मला एन्सेफलायटिस झाला होता, म्हणजे मेंदूला सूज आली होती. सूज उतरली, पण जाताना वाचनाची जागा दुखावून गेली. परत येईल का, असं मी विचारलं. बरंचसं येईल, ते म्हणाले, पण कधी, ते सांगता येणार नाही.

मी बहारीनमध्ये एका शिपिंग कंपनीत टेलेक्स ऑपरेटर होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. दिवसभर जहाजांचे निरोप वाचायचे आणि पाठवायचे, हेच माझं काम. आधी नुसता ताप आणि डोकेदुखी होती. एसीमुळे असेल म्हणून मी गोळ्या घेत राहिले. मग एके दिवशी जेवताना मला 'मीठ' हा शब्द आठवेना. माझे मिस्टर, विन्सेंट, यांनी त्याच दुपारी हॉस्पिटलात नेलं. लंबर पंक्चर झालं, म्हणजे कंबरेच्या मणक्यातून सुईने पाणी काढून तपासलं. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. विन्सेंट खुर्चीवर बसून माळेची प्रार्थना करत होते, तेवढं आठवतं. त्यांनी माझं खूप केलं. हे आधीच सांगते, कारण पुढचं सांगताना ते विसरायला होतं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "लहान मुलं जिथून सुरू करतात, तिथून सुरू करा. मोठी अक्षरं, छोटी वाक्यं. आणि त्यात लाजू नका." विन्सेंट शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली.

बहारीनच्या हूरा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तशी पुस्तकं होती. लेकीला मराठी यावं म्हणून माझा भाऊ वसईहून पाठवायचा. लिझा आठ वर्षांची, शाळा इंग्रजी. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. पुस्तकं कोरी करकरीत पडून होती.

पहिलं पुस्तक एका कुंभाराच्या गाढवाचं होतं. कुंभार आजारी पडतो आणि गाढव पाठीवर मडकी घेऊन एकटंच बाजाराला निघतं. मी ओळीखाली बोट ठेवून, मोठ्याने वाचायचे. एक पान झालं की घाम फुटायचा. लिझा आधी म्हणाली, "ममा, दॅट्स फॉर बेबीज." पण दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली. गाढव ओढ्यापाशी अडलं, तिथे मीही अडले, तर ती म्हणाली, "डोन्ट स्टॉप. डज ही क्रॉस?"

मलाही तेच हवं होतं. गाढव पलीकडे जातं का? आजार झाल्यापासून मला पहिल्यांदाच काहीतरी जाणून घ्यावंसं वाटलं होतं. त्यात लाज कसली? कुणी वाचायला शिकवत होतं म्हणून मी ते वाचत नव्हते. गोष्ट चांगली होती म्हणून वाचत होते.

पुस्तकं वाढत गेली. बोट हळूहळू सुटलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पुढच्या महिन्यापासून अर्धा दिवस ऑफिसला जाऊन बघा. त्या रात्री मी फार दिवसांनी शांत झोपले.

पुढच्या आठवड्यात ऑफिसचे ड्रायव्हर परब घरी आले. मालवणचे, मला वहिनी म्हणायचे. त्यांनी एक पिशवी माझ्या हातात दिली. आत माझी शाल, कप आणि टेबलावरची मदर मेरीची छोटी मूर्ती होती. मला वाटलं, टेबल बदललं असेल. तसं मी म्हटलं, तर परब माझ्याकडे बघतच राहिले.

"वहिनी, तुमका म्हायत नाय?"

मग त्यांनीच सांगितलं. माझे मिस्टर स्वतः येऊन सायबांना भेटले होते. तिची तब्येत आता पहिल्यासारखी राहिलेली नाही, ती येणार नाही, असं सांगून गेले होते. माझ्या जागेवर दुसरी मुलगी कामाला लागलीसुद्धा होती. मी परबांबरोबरच ऑफिसला गेले. सायबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि माझी नजर चुकवत तेच सांगितलं. दिवसभर मुलांची पुस्तकं घेऊन बसते, असंही विन्सेंट बोलले होते.

संध्याकाळी मी विन्सेंटना विचारलं. आधी ते म्हणाले, तुझ्या जिवाला त्रास नको म्हणून. मी पुन्हा विचारलं. मग खरं बाहेर आलं.

"चर्चची माणसं घरात बसलेली असतात आणि तू सगळ्यांसमोर गाढवाची गोष्ट वाचतेस. मला काय वाटत असेल?"

"मी बरी होत होते," मी म्हटलं. "डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. मला एकदा विचारायचं तरी."

ते उठून आत गेले. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. आम्ही वेगळे झालो नाही, भांडलोही फार नाही. पण माझी शुद्ध हरपलेली असताना ज्या माणसाने माळ जपली, त्यानेच शुद्ध आल्यावर माझ्या वतीने माझा निकाल लावला. हे दुखणं मेंदूच्या सुजेहून हट्टी निघालं.

ती नोकरी परत मिळाली नाही. पुढे बहारीनमध्येच, मुहर्रकच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला लागले. आता पेपर सरळ वाचते, जाडी पुस्तकंही वाचते. दवाखान्यातले काही शब्द अजून कधी उलटे दिसतात, तेव्हा थांबते, पुन्हा वाचते.

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर एवढंच सांगते. त्याच्या हातातलं पुस्तक बघून त्याची किंमत ठरवू नका. आणि तो बोलू शकत असेल, तर त्याच्यासाठी तुम्ही बोलू नका. त्या डॉक्टरांची आणि लिझाची मी जन्मभर ऋणी आहे.

लिझा अकरा वर्षांची झाली, त्या नाताळात घरात पाहुणे होते. मी कोपऱ्यात बसून एका उनाड बोकडाची नवी गोष्ट वाचत होते. एका बाईंनी कौतुकाने विचारलं, लिझा अजून ही पुस्तकं वाचते का?

विन्सेंट घाईने "हो" म्हणाले.

"नाही," मी म्हटलं, "हे माझं आहे." आणि पान उलटलं.