टोकात उरलेला थेंब

थेंबाहूनही कमी द्रव अचूक मोजणाऱ्या सिरिंज बनवणं हे माझं काम. यवतमाळच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. माप चुकलं की माझं डोकं फिरतं, हे नवऱ्यापासून लेथवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

लेक दिवस भरण्याआधीच झाली. हृदयाचं औषध सुरू झालं, तेही थेंब-दोन थेंब. मी कामावर जाऊ लागले तेव्हा नेरहून आई आली आणि औषध पाजायचं तिने आपल्याकडे घेतलं. थोड्याच दिवसांत लेक दूध ओढेना, नुसती पडून राहू लागली. नाडी मंद झाली होती. डॉक्टरांनी औषध थांबवलं आणि विचारलं, "जास्त तर जात नाही ना?" मी ठासून नाही म्हटलं. आईला सिरिंजवरची रेघ मीच तर दाखवली होती.

तरी घरी आल्यावर तिला म्हटलं, "साध्या पाण्याने करून दाखव."

तिने बरोब्बर रेघेपर्यंत ओढलं, रिकामं केलं. मग पुन्हा थोडं पाणी ओढून सिरिंज हिंदकळवली आणि तेही पाजल्यासारखं केलं.

"हे कशाला?"

"अवं, टोकात रायते ना थोडं! लेकराच्या वाट्याचं वाया कायले जाऊ द्याचं?"

टोकात उरतं ते मापात धरलेलंच नसतं; ते विसळून पाजलं की तेवढं औषध जास्तीचं जातं. एवढ्याशा मात्रेत तर ते फार होतं. ओरडणारच होते, पण घरची रीत आठवली. तुपाची वाटीसुद्धा गरम वरण फिरवून विसळणारं आमचं घर. तिथली आजी नातीचं औषध टोकात सोडणार होती थोडीच!

"काही दिवस मीच देते," एवढंच म्हणाले.

"माहा हात चालत नाही काय?" ती पदराला हात पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं.

वर्कशॉपमध्ये मी एका नव्या सिरिंजच्या दट्ट्याला पुढे बारीक शेंडा काढला. दट्ट्या तळाला टेकला की तो टोकाची नळी पुरती भरून टाकतो, मागे काही उरत नाही. पुन्हापुन्हा वजन करून पाहिलं, डॉक्टरांना दाखवलं. तोवर लेक दूध ओढायला लागली होती. कमी मात्रेत औषध परत सुरू झालं, तेव्हा ती सिरिंज आईच्या हातात दिली.

तिने औषध पाजलं. सवयीने पाणी ओढलं, हिंदकळवलं, तेही पाजलं. नुसतंच पाणी होतं ते.

"हे चांगली हाय," ती खूश होऊन म्हणाली. "पयलीत लय वाया जात होतं."

"हो ना," मी म्हणाले.

खरं मी तिला कधीच सांगितलं नाही. औषधासाठी माझ्या हातात जुनी सिरिंजही चालली असती. ही मी आईच्या हातासाठी केली.