मामाचा काळा गुंड

मामा गेल्याचं मला शाळेत कळलं. आठवीचा तास चालू होता. टेबलावरचा फोन थरथरला आणि पलीकडून मामीचा आवाज आला, "तुहा मामा गेला वं पोरी… चहा पेला न गेला." वर्ग तसाच सोडून मी रस्त्यावर आले आणि मिळेल त्या ऑटोत बसले. जैनथपासून मामाच्या गावापर्यंत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, वेचणीच्या बाया वाकून उभ्या होत्या, आणि मी ऑटोतल्या परक्या माणसांसमोर हुंदके देऊन रडत होते. बाप गेल्यासारखी रडत होते, कारण बाप म्हणून मला तोच ठाऊक होता. या गोष्टीला आता दीड महिना झाला. आज लिहायला बसले तर डोळ्यांत पाणी नाही, राग आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण चांगलं तेवढंच बोलायचं तर मला खोटं बोलावं लागेल, आणि खोटं या घरात पुष्कळ बोलून झालंय.

मी वर्षाची होते तेव्हा माझी आई, रुक्मा, तापानं गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मला आजोळी धाडून दिलं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ किसन. त्यानं मला खांद्यावर वाढवलं. चिडवायची त्याला भारी हौस. मी पाटी घेऊन बसले की म्हणायचा, "मास्तरीनबाई, आमाले बी शिकवा थोडं." पुढं मी खरंच मास्तरीण झाले, तीही त्याच्यामुळेच. नववीत असताना वांकिडीकडच्या एका चांगल्या घरातून मला मागणी आली होती. मामानं पाहुण्यांना चहा पाजला आणि ओसरीवरूनच सांगितलं, "आमच्या घरच्या पोरी आमी लहानपणी देत नाई. इच्या मायले बी म्या सतराव्या वर्षी देल्लं. इचारा गावात." पाहुणे निघून गेले. दाराआड उभ्या असलेल्या मला वाटलं, आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं. त्या दिवसापासून सतरा वर्षांची, आपल्या भावाच्या हिमतीवर थांबलेली आई मी मनात जपली.

तेवढंच जपायला होतं. आईचा फोटो नाही, लुगडं नाही, बांगडी नाही. लहानपणी मी मामाला विचारायचे, "आईचं काहीच कसं नाही?" तो म्हणायचा, "तू हायेस न बाप्पा, आखीन काय पायजे?" आणि माझ्या पाठीवर थाप मारून उठून जायचा.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आईवडील तिचा दाखला मागायला आले. लग्न ठरलं होतं. 'आमच्यात असंच असतं, पहिल्यापासून,' असं म्हणाले. मी समजावलं, भांडले, पण मुलगी गेलीच. तेव्हा मनात आलं, 'पहिल्यापासून' म्हणजे नेमकं केव्हापासून? आपल्याच घरातल्या बायकांची लग्नं कितव्या वर्षी झाली हे तरी शोधून काढू. मामाला सांगितलं तर तो माझ्यापेक्षा जास्त पेटला. आमच्याकडे लग्नाची नोंद कोण करणार? पण माहेरचा कर्ता पुरुष नवरीला पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, देतो आणि त्यावर मुलीचं नाव, आपलं नाव आणि साल घालून घेतो. कागदाला वाळवी लागते, पितळेला लागत नाही. मामानं तरुणपणी पटवाऱ्याच्या हाताखाली काम केलेलं, त्यामुळे निजामाच्या काळातलं महसुली, म्हणजे फसली साल त्याच्या जिभेवर. भांडं उजेडात धरायचा, बोटानं अक्षरं चाचपायचा आणि म्हणायचा, "मिळव पाचशे नव्वद." मी मिळवायचे, की इंग्रजी साल निघायचं.

आम्ही सुट्टीच्या दिवशी नातेवाइकांकडे जायचो. मामा दारातूनच ओरडायचा, "वयनी, तुमच्या लग्नाचा गुंड काढा बरं!"

"काऊन जी भावजी, मोडीत घालता का काय?"

"तुमचं वय काढून राह्यलो."

बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मग जन्माचं साल. ते कुणालाच ठाऊक नसायचं, पण रझाकारांच्या वेळी कडेवर होते, मोठ्या पुराच्या साली पाळण्यात होते, असं सगळ्यांना आठवायचं. माझी आई जन्मली ते वर्ष तर मामाला पक्कं ठाऊक होतं. किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून निघून तिकडच्या राज्यात गेले, ते वर्ष, म्हणजे एकोणीसशे छप्पन्न. अशी एकेका बाईची बेरीज-वजाबाकी होत गेली. कुणी नवव्या वर्षी बोहल्यावर चढलेली, कुणी दहाव्या, कुणी बाराव्या. मामा काही लपवत नव्हता. "माह्या मायचं लगन नवव्या वर्षी झालं, लिव," असं त्यानं स्वतःच सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "अरे, पण मी नांदायले चवदाव्या वर्षी गेलो." मामानं तिला दटावलं, "नांदणं येगळं न लगन येगळं. लगन झालं तेच साल धरायचं." हे त्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

आईचा गुंड मात्र कुठंच मिळेना. मामा म्हणाला, "सासरी राह्यला. मोडला असंन त्याईनं." मी त्याच्या शब्दावर सतरा लिहिलं. मग आम्ही घराण्याची वंशावळ करून आदिलाबादहून तिचा फ्लेक्स छापून आणला आणि मामाच्या बैठकीत लावला. प्रत्येक बाईच्या नावाखाली लग्नाचं वय. वरपासून खालपर्यंत नऊ, दहा, बारा… आणि माझ्या आईपाशी एकदम सतरा. पालकसभेत मी त्या फ्लेक्सचा फोटो दाखवायचे. सांगायचे, बघा, इथं एका माणसानं ठरवलं आणि पिढ्यांची रीत मोडली. एकदा मामाही आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यानं हात जोडले. त्याची मान मुळीच खाली गेली नव्हती.

सुतक फिटायच्या दिवशी आमच्याकडे घरातलं एकूण एक भांडं घासून निघतं. अंगणात बाया राख-चिंच घेऊन बसल्या होत्या. न्हाणीजवळच्या चुलीवर मामाचा आंघोळीच्या पाण्याचा गुंड होता, काजळीनं गळ्यापर्यंत काळाकुट्ट. त्याला हात लावायची आम्हाला सोय नव्हती. कुणी घासायला घेतला की मामा खेकसायचा, "चिंच नका लावू त्याले! काळा गुंड लवकर तापते." बाजारातून मोडीत घेतला, असं त्यानं मला सांगितलेलं. माझं सगळं बालपण त्याच गुंडातल्या पाण्यानं न्हालं. आता ओरडणारं कुणी नव्हतं. म्हटलं, मामाचं आवडतं भांडं, आपणच घासू.

खांद्यापाशी काजळी निघायला लागली आणि बोटाला खाचा लागल्या. अजून चिंच लावली. आधी 'रुक्मा' दिसलं, मग 'भाऊ किसन', मग साल, १३७७. मला पाचशे नव्वद मिळवावे लागले नाहीत, कारण ते साल मला पाठ होतं. मामीच्या गुंडावर तेच आहे, त्याच नाव घालणाऱ्याच्या हातचं.

मी गुंड उचलून मामीपुढे ठेवला. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "एकाच मांडवात दोन लग्नं झाली वं. माहं न तिचं. सासरे गेले होते. वर्साच्या आत उरकलं नाई तं तीन वर्सं थांबा लागते न."

"म्हणजे आई अकराची होती."

"हो."

"आणि हा गुंड?"

"तुह्यासंगच आला. एकाच बैलबंडीत. तुले माह्या मांडीवर देल्लं, गुंड तुह्या मामानं उतरवला."

मला पहिल्यांदा त्या सालाचा राग आलाच नाही. राग आला तो त्या बैलबंडीचा. आईची एक वस्तू या घरात होती. रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर चुलीवर चढत होती, आणि मी विचारत होते, आईचं काहीच कसं नाही? एकवीस-बावीस वर्षांचा पोर, बाप नुकताच गेलेला, भावकीनं घाई केली असेल… हे सगळं मला कळतं. तेव्हाच्या किसनला मी दोष देत नाही. माझ्या लग्नाची मागणी त्यानं ज्या खोट्यानं परतवली, त्या खोट्यानंच मी शिकले, हेही कळतं. पण म्हातारा मामा माझ्याबरोबर घरोघर हिंडला. दुसऱ्यांच्या बायकांचे गुंड उजेडात धरून वयं काढली, आणि बहिणीचा गुंड घरी काजळीत ठेवला. तेव्हा तरी सांगितलं असतं तर मी त्याच्या गळ्यात पडून रडले असते.

"त्याले म्या म्हनलं होतं," मामी म्हणाली, "सांग पोरीले. तं म्हने, नांदायले धाडली तवा सतराची होती, खोटं काय त्याच्यात?"

म्हातारीला दटावलेले त्याचे शब्द मला आठवले. मी पर्समधला मार्कर काढला, बैठकीत गेले, फ्लेक्सवरचं सतरा खोडलं आणि शेजारी अकरा लिहिलं. मामी मागं येऊन उभी होती. "काऊन केलं वं? लोक काय म्हंतीन?"

"लोकांना ठाऊकच होतं, मामी. मलाच नव्हतं."

निघताना गुंड तिनंच उचलून माझ्या हातात दिला. आतून पुसला होता, बुडाची काजळी तशीच होती. ऑटोत जागा नव्हती म्हणून मी तो मांडीवर घेतला. साडीला काळं लागलं. इतक्या वर्षांची मामाच्या चुलीची काजळी, एका घासण्यात थोडीच निघणार! गावाबाहेर पडल्यावर ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं आणि विचारलं, "मोडीत घालाले नेता का बाई?"

"नाही," मी म्हणाले. "माझ्या आईचा आहे."

एवढं साधं वाक्य. मामानं मला ते आयुष्यभर बोलू दिलं नाही.