थंड इंजिन, गरम डायनामो

चार हमालांनी ढकलत आणलेली जीप माझ्या दुकानासमोर उभी राहिली, तेव्हा शेठनी लक्ष्मणदादांना नोकरीवरून काढूनही टाकलं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. जवळा बाजार या आमच्या गावात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा मी एकटाच. नांदेडच्या एका गॅरेजात फरशी झाडता झाडता शिकलेलो.

शेठची जिनिंग होती, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. लक्ष्मणदादा त्यांचे ड्रायव्हर. आठवडाभर अधूनमधून सकाळी जीपची बॅटरी बसलेली सापडायची. त्याच आठवड्यात दादांच्या वस्तीत भीमजयंतीचा लाऊडस्पीकर वाजत होता, आणि वस्तीत वीज नव्हती. हा रात्री जीपची बॅटरी काढून लाऊडस्पीकरला नेतो, असं शेठनी ठरवून टाकलं. भर बाजारात त्यांनी दादांना चोर म्हटलं.

लाऊडस्पीकरची बॅटरी माझ्याच दुकानातून भाड्यानं गेली होती. मी ते सांगितलं. शेठ म्हणाले, "तू गाडीचं बघ."

गाडीचं बघितलं. बॅटरीतलं ॲसिड तपासलं. बॅटरी चांगली होती, नुसती उतरलेली. दुसरी बॅटरी जोडून इंजिन चालवलं. चार्जिंग बराबर येत होतं. म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारा डायनामोही ठीक. आता त्याच्या जागी अल्टरनेटर असतो. इंजिन बंद केलं. शेठ जेवून परत येईपर्यंत ते थंड पडलं होतं. पण डायनामोला हात लावला तर चटका बसला.

बंद गाडीत डायनामो गरम, म्हणजे बॅटरीतला करंट उलटा त्याच्यात चाललाय. दोघांच्या मधे कट-आऊट नावाची डबी असते. इंजिन थांबलं की तिच्यातले पॉइंट सुटतात आणि करंटची वाट बंद होते. मी झाकण काढलं. पॉइंट जळून एकमेकांना चिकटले होते. कधी चिकटायचे, कधी सुटायचे, म्हणून बॅटरी रोज बसत नव्हती.

मी शेठना डायनामोला हात लावायला सांगितलं. त्यांनी लावला आणि झटकन मागं घेतला. मग मी पाना खाली ठेवला.

"मजुरी न्हाई घेत मी. दादाला कामावर घ्या. आन् जिथं चोर म्हनलात तिथंच चार लोकांत सांगा, चूक झाली म्हनून."

"बराबर हाय. तू गाडी तर चालू कर."

नवा कट-आऊट बसवला. जीप पहिल्या सेल्फला उठली. शेठ आत बसले आणि म्हणाले, नव्या ड्रायव्हरला जबान दिलेली आहे, आता काही करता येत नाही, मजुरी पाठवून देतो. माझ्या तोंडून शिव्या निघेपर्यंत जीप स्टँडच्या पुढं गेली होती.

संध्याकाळी वस्तीत गेलो. दोष सापडला, तो कसा सापडला, सगळं दादांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"लोकांसमोर बोलला का तो?"

"न्हाई."

"मंग मला काहून सांगून राहिला?"

पुढं ते आखाडा बाळापूरकडच्या रस्त्यावर खडी फोडायला गेले. पुन्हा स्टिअरिंगवर दिसले नाहीत. नवा ड्रायव्हर मजुरी घेऊन आला, ती मी रागानं परत पाठवली. त्यात शेठचाच फायदा झाला.

बॅटरी बसली की आधी डायनामोला हात लावून बघावा, ड्रायव्हरचं नाव नंतर घ्यावं. आणि काही मागायचं असेल तर ते जुना पार्ट बाहेर असतानाच पदरात पाडून घ्यावं. शेवटचा स्क्रू आवळला की मिस्त्रीचं कुणी ऐकत नाही.