शेवाळवाल्यांचं टपाल

शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या तब्येतीची इतकी काळजी करणारा माणूस अख्ख्या जर्मनीत दुसरा नसेल. माझ्या बायकोचे मामा जेवायला बसले की आधी त्याची खुशाली सांगत. "आज स्वारीला खोकला आहे. तरी ओल्या जंगलात हिंडतोय गाढव!" दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी ब्राउनश्वाइगला पीएच.डी. करत होतो. मामांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, माडीवर कुणी आजारी पाहुणे आहेत; मी आवाजही बेताचाच ठेवला. पाहुणे म्हणजे एकोणिसाव्या शतकातले एक शेवाळांचे अभ्यासक होते, आणि माडीवर होती ती त्यांच्या पत्रांची पेटी.

मामा मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. निवृत्तीनंतर लोक बाग करतात, गुडघे बदलून घेतात. मामांनी जुनं जर्मन हस्ताक्षर शिकून घेतलं. ते म्हणजे आपल्या मोडीसारखं प्रकरण, आज खुद्द बहुतेक जर्मनांनाही लागत नाही. शेवाळवाले आणि त्यांचे एक पाद्री मित्र एका शेवाळाच्या जातीवरून आयुष्यभर पत्रांतून भांडले. पाद्री वारल्यावर त्यांच्या घरच्यांनी आलेली पत्रं परत पाठवली, म्हणून दोन्ही बाजू एकाच पेटीत नांदत होत्या. मामा अर्थातच शेवाळवाल्यांच्या बाजूचे. पाद्र्याचं पत्र वाचताना त्यांचा चेहरा भाऊबंदकीचा दावा ऐकल्यासारखा व्हायचा. फिरायला गेले की फुटपाथच्या फटीतलं शेवाळ बघायला उकिडवे बसत. एकदा कुणीतरी 'आजोबा पडले' समजून रुग्णवाहिकाच बोलावली. मामी जर्मन. मराठीतला 'अहो' हा एकच शब्द त्यांनी आत्मसात केला होता, पण तेवढ्यावर त्या अख्खा संसार चालवत. रुग्णवाहिकेच्या दिवशीचा 'अहो' मी स्वतः ऐकला आहे.

पेटी मामांची नव्हती. ती शेवाळवाल्यांच्या पणतीची. साठीच्या या बाई बाड हॉम्बुर्गला एकट्या राहत. जुन्या कागदांचा एक व्यापारी त्यांच्या मागे लागला होता. त्याला पत्रं सुटी सुटी विकायची होती. पेटीच्या केसालाही धक्का लागणार नाही, असा शब्द देऊन मामांनी ती वाचायला आणली होती. त्यामुळे माडीवर चहा, पाणी, शाईचं पेन, कशालाच प्रवेश नव्हता. मी शिंकलो तरी मामा दाराकडे बोट दाखवत.

आणि एवढ्या जपणाऱ्या माणसाने ऐन दसऱ्याला घात करून घेतला. पाटावर पुस्तकं, पेन्सिली, त्यांची कॉलेजातली आकडेमोडीची स्लाइड रूल अशी मांडामांड झाली होती. "यंदा खरी सरस्वती हीच," म्हणत मामांनी पेटी मांडली आणि वरचं पत्र त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढून तिच्यासमोर ठेवलं.

"मामा, पाकिटातच राहू द्या ना," मी म्हटलं.

"म्हणजे प्लास्टिकची पूजा करू?"

पेटीला लावायला त्यांनी ओल्या कुंकवाचं बोट उचललं, आणि बोटावरचा थेंब थेट पत्रावर पडला.

मामी 'अहो'सुद्धा म्हणाल्या नाहीत, तेव्हा मला खरी भीती वाटली. थेंब कागदात मुरत चालला होता, आणि पुसावा तर शाई पसरणार. माझी बायको हळूच म्हणाली, "मामा, तळाशी ठेवून दे. पेटीवाल्या बाईंना थोडंच वाचता येतंय? त्या कशाला बघायला जाताहेत?"

मामांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "जावईबापू, उद्या सकाळी गाडी काढा."

आउटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, मामा पेटी मांडीवर घेऊन, सीटला पाठ न टेकता बसले होते. गाडी जरा वेगात गेली की "हळू" म्हणत, तेवढंच. कासेलपाशी थांबलो तर कॉफीलाही उतरले नाहीत. "आता त्या व्यापाऱ्याला देतील," ते मध्येच म्हणाले. "एक पत्र म्युनिकला, एक अमेरिकेत. दोघांची ताटातूट होईल माझ्यामुळे." मला त्यांच्याकडे बघवेना.

बाईंनी दार उघडलं. मामांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, स्वतःच्या बाजूने एक शब्द न घालता. बाईंनी चष्मा लावला आणि त्या डागाकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"हे लाल काय आहे?"

"कुंकू. ज्याला मानतो त्याला आम्ही लावतो."

"आणि त्याच्याखाली काय लिहिलंय?"

मामांना बघायचीही गरज नव्हती. "मुलगी," ते म्हणाले आणि सगळा मजकूरच वाचू लागले. "मुलगी आज प्रथमच माझ्याबरोबर जंगलात आली. शेवाळावर गाल टेकून झोपली. तिला उठवायला नको म्हणून नमुना न घेताच परतलो."

"ती माझी आजी," बाई म्हणाल्या. पेटी जन्मभर त्यांच्या घरात होती, पण आतलं एक वाक्यही त्यांच्या कानावर कधी पडलं नव्हतं.

मग त्यांनी पेटी स्वतःकडे ओढली. "आल्झो, तर मग ही मी तुम्हाला परत देणार नाही." मामांनी मान खाली घातली. "ती इथेच राहील. तुम्ही इथे येऊन वाचायचं. मोठ्याने."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मामा कसंबसं म्हणाले आणि खिशात रुमाल शोधू लागले.

तेव्हापासून शनिवारी सकाळी मामा बाड हॉम्बुर्गच्या वाटेला लागत. व्यापाऱ्याला बाईंनी नकार कळवून टाकला. बाई केक करत, पण तो दुसऱ्या खोलीत खायचा हा नियम मामांचाच. पुढे बाईंनी उघडउघड पाद्र्याची बाजू घेतली, तेव्हा मामा चिडून घरी आले आणि पुढच्या शनिवारी नेहमीपेक्षा आधीची गाडी पकडून गेले.

दोन-तीन वर्षांनी, एका जानेवारीत मामा अचानक गेले. त्यांचं भिंग बाईंकडे राहिलं होतं, ते आणायला मामींनी मला पाठवलं. टेबलावर एक पत्र तसंच उघडं होतं. बाईंनी ते आवरलं नव्हतं.

"इथपर्यंत आले होते ते," त्यांनी एका ओळीखाली बोट ठेवलं. "पाद्री अंथरुणाला खिळलाय. माझे पणजोबा भांडण विसरून त्याला भेटायला निघालेत. तुमचे मामा म्हणाले होते, पुढचं शनिवारी." मग त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "त्यांची भेट झाली का हो?"

मी वाकून पाहिलं. मला एक अक्षर लागेना. मामांना निरोप देतानाही मला त्यांची इतकी आठवण आली नव्हती.